विसण नळाशीच घालावं

सोसायटीच्या सभेत सोलरचा विषय निघाला की तक्रारी दोनच. एप्रिलमध्ये पाणी कढत येतं आणि जुलैत कोमट. पहिलीवर सगळे गंभीर होतात, दुसरीला ‘पावसाळा आहे, चालायचंच’ म्हणून सोडून देतात. गरम पाण्याच्या पाइपांच्या कामात माझी हयात गेली. मला त्या कोमट पाण्याचीही तितकीच धास्ती वाटते.

साठवलेलं पाणी २० ते ४५ अंशांत रेंगाळलं की त्यात लिजिओनेला जिवाणू वाढतात. शॉवरच्या तुषारांतून ते फुप्फुसात गेले, की न्यूमोनिया. १९७६ साली फिलाडेल्फियातल्या एका हॉटेलात माजी सैनिकांचं अधिवेशन झालं आणि पाठोपाठ माणसं दगावू लागली. जिवाणू ओळखायला १९७७ साल उजाडलं.

६० अंशांना हे जिवाणू काही मिनिटांत मरतात. पण तेच पाणी मोठ्या माणसालाही पाचेक सेकंदांत खोलवर भाजतं. लहान मुलांची कातडी पातळ, त्यांना तेवढाही वेळ लागत नाही. मधुमेहाने पाय बधिर झालेल्या माणसाला तर चटका कळतच नाही.

म्हणून काहीजण टाकीचा थर्मोस्टॅटच ४५ वर आणतात, वीजही वाचते. मला हे अजिबात मान्य नाही. टाकी ६० वरच हवी, आणि ढगाळ दिवसांत त्यासाठी बॅकअप हीटर चालू ठेवायलाच हवा. घंगाळात आजी विसण घालायची, तसं थंड पाणी वापरायच्या जागीच मिसळावं.

हे काम थर्मोस्टॅटिक मिक्सिंग व्हॉल्व्ह करतो. त्याच्या आत मेणाची छोटी कुपी असते. पाणी जास्त तापलं की मेण फुगतं, दट्ट्या सरकतो, गरम पाण्याची वाट अरुंद होते. व्हॉल्व्ह बसवला की मी थंडची चावी पूर्ण बंद करून बघतो. वरची टाकी रिकामी झाली तर नेमकं हेच होणार असतं. गरम पाणी लगेच थांबलं पाहिजे; नाही थांबलं तर तो व्हॉल्व्ह मी तिथे ठेवत नाही. आणि बसवतो तो नळाजवळच, कारण व्हॉल्व्हच्या पुढचा पाइप पुन्हा कोमटच असतो.

महिनोन्‌महिने बंद राहिलेल्या फ्लॅटमध्ये आल्या आल्या शॉवरखाली उभं राहू नये. शॉवरचं तोंड काढून, तुषार उडू न देता, गरम आणि थंड दोन्ही पाणी काही मिनिटं वाहू द्यावं. आणि बादली भरताना आधी थंड पाणी, मग गरम. घरात रांगतं मूल असेल तर एवढं तरी आजपासूनच करा.