मैनेचे वरचे दात

२४ ऑगस्ट २०२४, शनिवार

छोटी शाळेतून आली ती दप्तर पाठीवर ठेवूनच बोलत सुटली. पुढच्या शनिवारी वर्गात घरचा एक प्राणी न्यायचा, जमत नसेल तर चित्र, आणि त्याच्याविषयी सगळ्यांसमोर सांगायचं. या वर्षापासून सरकारनं ‘आनंददायी शनिवार’ काढलाय, त्यातलंच हे. माझ्या नोकरीच्या काळात असा आदेश आला असता तर फायलीला लावून आम्ही मोकळे झालो असतो. दुसरीच्या मॅडमनी तो मनावर घेतलेला दिसतो.

‘‘आजी, मी मैनेचं पिलू नेणार.’’

घरात निवड तशी थोडीच. बैलजोडी विकून बरीच वर्षं झाली, आता धानाची चिखलणी भाड्याच्या ट्रॅक्टरनं होते. उरली मैना, आमची शेळी, आणि तिची जूनमध्ये झालेली दोन पिलं, एक पाठ म्हणजे मादी, एक बोकड. यांनी, म्हणजे छोटीच्या आबाजींनी, मॉईलच्या खाणीत नोकरी केली. सेवानिवृत्तीनंतर शेळ्या घेतल्या तेव्हा आमच्या चिखला गावातले लोक हसले होते. जन्मभर जमिनीच्या पोटातून मँगनीज काढलं, आता बकरीच्या मागे काठी घेऊन फिरतो म्हणे. आता तेच लोक पिलाचा भाव विचारायला येतात.

२५ ऑगस्ट, रविवार

सुनेनं रात्रीच दहा ओळी लिहून दिल्या आणि सकाळी पोरगी अंगणात येरझाऱ्या घालत त्या घोकत होती. शेळी हा पाळीव प्राणी आहे. शेळीला चार पाय असतात. शेळीला दोन कान असतात. शेळीला गरिबाची गाय म्हणतात.

सुनेला काय म्हणणार! तिला तिच्या मास्तरांनी हेच शिकवलं, आणि ते मास्तर माझ्याच जातकुळीचे. अशा ओळी मी जन्मभर तपासल्या. गाय घाला, कुत्रा घाला, पाय चारच. वर्गातली अर्धी पोरं सकाळी गोठ्यातलं शेण काढून, हात धुऊन शाळेत येत आणि वहीत लिहीत, ‘गाय उपयुक्त प्राणी आहे.’ त्या गाईनं आज लाथ मारली, दूध आटलं, वासरू आजारी पडलं, यातलं एक अक्षर वहीत येत नसे. आलं असतं तर मी गुण दिले असते की नाही, देव जाणे.

दहावी ओळ गांधीजींची होती. ती निदान खरी गोष्ट आहे, म्हणून नीट सांगितली. १९१८ मध्ये गांधीजी फार आजारी पडले. दूध न पिण्याचं व्रत घेतलेलं आणि डॉक्टर तर दूध घ्या म्हणत होते. तेव्हा कस्तुरबांनी तोड काढली की व्रत घेताना मनात गाय-म्हैसच होती, बकरी कुठं होती? तेव्हापासून ते बकरीचं दूध घेऊ लागले. पोरीनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘‘मंग पिलाले उरे का?’’

दहा ओळींपेक्षा हा एक प्रश्न वजनदार आहे, असं मी सुनेला म्हटलं. ती म्हणाली, ‘‘आई, पण मॅडमनं विचारलं तं?’’

२७ ऑगस्ट, मंगळवार

दुपारी पाऊस उघडला. यांनी मैनेला दोन गुडघ्यांत धरलं आणि अंगठ्यानं तिचा वरचा ओठ उचलला. छोटी आधी लांबून पाहत होती, मग उकिडवी बसली. वर समोरचे दातच नाहीत. नुसती गुलाबी, कडक हिरडी, वापरून झिजलेल्या साबणाच्या वडीसारखी गुळगुळीत. खाली मात्र आठ दात, ओळीनं.

‘‘हिचे पडले?’’ तिचे स्वतःचे वरचे दोन नुकतेच पडलेत, त्यामुळे आवाजात भलतीच आपुलकी.

‘‘पडले नाई, येतच नाईत. गाय, म्हैस, मेंढी, जंगलातलं चितळ, कोणालेच वरचे समोरचे नसतात. दाढा असतात, मागं.’’

‘‘मंग पाला तोडते कशी?’’

यांनी उंबराची डहाळी पुढं केली. मैनेनं पान ओठांनी ओढलं, खालचे दात आणि वरची हिरडी यांच्यात दाबलं आणि मानेला हिसका दिला. हा हिसका मी रोज पाहते. तो कशासाठी, हे मात्र आजच कळलं.

नंतर बाजाराचं गणित झालं. पिलाचे खालचे आठही दुधाचे. सव्वा-दीड वर्षाच्या सुमाराला मधले दोन पडून रुंद दात येतात, ते झालं ‘दोन दाती’. पुढं चार दाती, सहा दाती. व्यापारी बकरीच्या मालकाला वय विचारत नाही, थेट ओठ उचलतो.

मग डावी कूस. ‘‘मूठ दाबून ठेव अन् गप राह्य.’’ पोरगी कधी नव्हे ती गप राहिली. थोड्या वेळानं आतून एक लाट आली आणि मूठ वर उचलली गेली. तिनं हात झटकन मागं घेतला. कोठा चालू आहे, यांनी सांगितलं. मिनिटाला एखाद-दोनदा असा हलला पाहिजे, हलला नाही तर डॉक्टरला फोन. नंतर तिनं मैनेची, पाठीची, बोकडाची आणि शेवटी आबाजींची कूस तपासली. आबाजींचा कोठा बंद निघाला.

२८ ऑगस्ट, बुधवार

रात्री झोप नव्हती. कोसबाडची आठवण आली. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केलं, १९५७ मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर गेलं. तिथली आदिवासी पोरं दिवसभर गुरं राखत, शाळेत येणार कधी? म्हणून शाळाच चराईच्या रानात नेली, तिचं नाव कुरणशाळा. डी.एड.ला हे आम्ही टिपा लिहा म्हणून पाठ केलं होतं, गुणांपुरतं. गुरं चरताहेत, बाई झाडाखाली, पोरांचं एक लक्ष पाटीवर आणि एक वासरावर, असं चित्र त्या टिपेत नव्हतं. वर्गात प्राणी आणा, असं सांगायची वेळ तिथं आलीच नसेल.

सकाळी सुनेशी तह झाला. पहिली ओळ तिची, शेळी पाळीव प्राणी आहे. त्यापुढं पोरीनं हात लावून जे पाहिलंय तेवढंच बोलायचं, आणि मध्ये कुणी सुचवायचं नाही. मीही नाही.

३० ऑगस्ट, शुक्रवार

तयारी. एकटं पिलू नेलं तर ते ओरडून शाळा डोक्यावर घेईल आणि इकडे मैना गाव डोक्यावर घेईल, म्हणून दोघींनाही न्यायचं. बोकड घरीच. शनिवारची शाळा सकाळची, तेव्हा ओला पाला न घालता नुसतं तणीस घालून निघायचं, नाहीतर रस्ताभर पोट सुटेल. सोबत दोर, खराटा आणि लेंड्या भरायला पोतं. पावसाची भुरभुर असली तर पोत्याची खोळ, कारण शेळीला भिजणं बिलकूल खपत नाही.

मैनेच्या कानातल्या पिवळ्या बिल्ल्यावरचा बारा आकडी नंबर छोटीनं वहीत उतरवला. बिल्ल्याशिवाय जनावर विकता येणार नाही, असा नियम या जूनपासून लागलाय. ‘‘माझ्या आधारलेही बाराच आकडे हायत,’’ ती म्हणाली आणि दोन्ही नंबर एकाखाली एक लिहून काढले, बेरीज करायला घेतल्यासारखे.

३१ ऑगस्ट, शनिवार

शाळेच्या व्हरांड्यात कार्यक्रम. दोन कोंबड्या टोपलीखाली, एक मांजर जे आल्या आल्या पळालं, बाकी चित्रं. आमची बाई मैनेच्या गळ्यात हात टाकून उभी.

‘‘शेळी हा पाळीव प्राणी आहे,’’ एका दमात म्हणाली, आणि लगेच, ‘‘हिले वरचे दात नाईत. मलेही नाईत. माझे येतील, हिचे येणार नाईत.’’ मॅडम तोंडाला पदर लावून हसल्या. पोरं मात्र हसली नाहीत, पुढं सरकली.

उपयोग काय, असं मॅडमनी विचारलं. सुनेनं दूध, मांस, कातडी असं शिकवलेलं. ही म्हणाली, ‘‘लेंड्या. बांधीत टाकतो, धान चांगलं होते.’’ त्याच वेळी मैनेनं नमुना सादर केला.

मग मागच्या रांगेतून एका पोरानं विचारलं, ‘‘याले मारबतीच्या दिवशी कापणार का?’’ मारबत पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, आणि त्या दिवशी आमच्या भागात घरोघर मटण शिजतं. प्रश्न काही वावगा नव्हता. मॅडम विषय बदलायला पुढं झाल्या होत्या, तेवढ्यात छोटीच म्हणाली, ‘‘हे पाठ होय. पाठ ठेवतात, मोठी झाली की पिलं देते. हिचा भाऊ घरी हाय, तो विकणार. आबाजी म्हणते दिवाळीनंतर.’’ आवाज थोडा उतरला, पण वाक्य पूर्ण केलं. आम्ही मोठी माणसं हेच सांगताना चार वळणं घेतली असती.

शेवटी कुशीवर मूठ ठेवायला रांग लागली. वर्गात कधी तोंड न उघडणारा एक मुलगा, त्याचे वडील गावच्या शेळ्या चारतात, रांगेत न थांबता मैनेच्या डोक्याशी गेला. बकरी पिलाला वासानं ओळखते, म्हणून आधी शेपटीखाली हुंगते आणि मगच पिऊ देते, हे त्यानं सगळ्यांना दाखवून दिलं. दुसऱ्या बकरीचं पिलू आणून पाहा, डोकं मारते का नाही, म्हणाला. मॅडमनी त्याला आणखी विचारलं आणि तो बोलतच राहिला. छोटीला ते फारसं आवडलं नाही, बकरी तिची होती.

२ सप्टेंबर, सोमवार, पोळा

तोरणाखाली जोड्या कमीच. झूल, बाशिंग, घुंगरं सगळं होतं, झडत्याही म्हणून झाल्या. छोटी मात्र बैलांच्या शिंगांकडं न बघता तोंडाकडं बघत होती. शेवटी एका शेतकऱ्यानं हसत बैलाचा ओठ उचलून दाखवला. ‘‘नाईत!’’ ती ओरडली, आणि वाद्यं वाजवणारेही वळून पाहू लागले.

३ सप्टेंबर, मंगळवार, तान्हा पोळा

लाकडी नंदीला बेगड लावून पोरं सकाळपासून दारोदार. ही रीत दुसऱ्या रघुजी भोसल्यांनी १८०६ मध्ये नागपुरात सुरू केली असं सांगतात. पोरांनाही बैलांची ओळख व्हावी, म्हणून लाकडाचे बैल. छोटीनं बोजारा, म्हणजे घरोघरचा खाऊ-पैसा, बरा गोळा केला. प्रत्येक घरी नंदीपेक्षा मैनेविषयीच जास्त बोलून आली, असं सून सांगत होती.

संध्याकाळी शेजारच्या गल्लीतली एक बाई पोराला घेऊन आली. पुढच्या वेळी तो कोंबडा नेणार आहे.

‘‘बाई, दहा ओळी लिहून द्याल का जी?’’

‘‘ओळी नको. पोराला अन् कोंबड्याला दोघांनाही घेऊन ये.’’

ती जरा घुटमळली. कोंबडा चावरा आहे म्हणे.

‘‘मग त्याच्यापासूनच सुरुवात करू,’’ मी म्हटलं.