गाडीतला दणका आणि गाण्यातला शब्द

चारचाकी गाडी आता केवळ श्रीमंतांची चैन राहिलेली नाही. आमच्या मीरा-भाईंदरमधली कितीतरी पोरे टॅक्सी, टेम्पो चालवून घर सांभाळतात. दिवसाचे दहा-बारा तास ती गाडीतच असतात. म्हणून गाडीत स्पीकर कोणते घ्यावेत आणि कुठे बसवावेत, हा प्रश्न नुसत्या हौसेचा नाही. तो घामाच्या पैशाचा आणि कानांचा आहे.

आमच्या पुतण्याने कर्ज काढून टॅक्सीसाठी जुनी गाडी घेतली. एका दुकानदाराने त्याला मागे मोठा बास बॉक्स आणि '१००० वॅट' छापलेले स्पीकर सुचविले. पोरगा खूश. म्हणाला, "काका, हजार वॅट म्हणजे नुसता दणका!" आम्ही पडलो कारकून. आकडा दिसला की ताळा करून पाहायची सवय.

"बाबा रे," आम्ही म्हणालो, "खोक्यावरचा हजार हा क्षणभराच्या ताकदीचा आकडा. स्पीकर सतत किती पेलतो, ते 'आरएमएस' या अक्षरांपुढे लिहिलेले असते. ते वाच."

दुसरा ताळा बॅटरीचा. ती १२ व्होल्टची; इंजिन चालू असताना १४ च्या आसपास. वेगळा अॅम्प्लिफायर नसेल, तर साधी म्युझिक सिस्टीम ४ ओहमच्या एका स्पीकरला सतत सुमारे २० वॅटच देते. मग तिच्यावर ५० का छापलेले असेना! आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार? म्हणून 'सेन्सिटिव्हिटी'चा आकडा पाहावा. तो डेसिबलमध्ये असतो. ८८ ऐवजी ९१ चा स्पीकर घेतला, तर निम्म्या वॅटमध्ये तेवढाच आवाज मिळतो.

आता जागा. चालवणारा पुढे बसतो, म्हणून पहिला पैसा पुढच्या जोडीवर खर्च करावा. मोठा स्पीकर दारात खाली चालतो, कारण जाड आवाजाची दिशा कानाला फारशी कळत नाही. बारीक आवाजाचा ट्विटर मात्र वर, समोरच्या काचेच्या खांबापाशी बसवावा. 'स', 'श', 'ट' अशी अक्षरे तिथूनच स्पष्ट होतात. वामनदादा कर्डक, प्रल्हाद शिंदे यांची गाणी आपल्या वस्त्यांनी शब्दांसाठी ऐकली. बासच्या धडधडीत तो शब्दच बुडाला, तर उरले काय?

बसवताना दोन्ही बाजूंच्या वायरींचे प्लस-मायनस सारखे जुळवावे. एकीकडे उलटे लागले, तर एक पडदा पुढे येताना दुसरा मागे जातो आणि जाड आवाज एकमेकांना मारतात. दाराच्या आतल्या पत्र्याची मोकळी भोके बुजवावीत. परंतु तळाची, पावसाचे पाणी जाण्याची भोके कधीही बुजवू नयेत. आपल्याकडे खाडीची खारी हवा आणि चार महिने पाऊस. कागदी पडद्यापेक्षा प्लास्टिकचा पडदा ओल अधिक सोसतो.

आणि कान? ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला ८ तास, ही कामगारांसाठी तज्ज्ञांनी सुचविलेली मर्यादा. दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो: ८८ ला ४ तास, ९१ ला २. कान एकदा गेला की मशीन लावता येते, पण मूळचा कान परत येत नाही. शिवाय मागच्या रुग्णवाहिकेचा भोंगा ऐकू आला पाहिजे, तो वेगळाच.

पुतण्याने पुढची एकच जोडी घेतली. बास बॉक्सचे पैसे कर्जाच्या हप्त्याला गेले. वहिनी मागच्या सीटवर बसून गाणी ऐकतात आणि पुढच्या पोराशी बोलूही शकतात.

बंधू-भगिनींनो, स्पीकर घ्यायला जाताना आपले तोंडपाठ गाणे सोबत न्या. आवाज लहान ठेवून ऐका. ज्याच्यातून प्रत्येक शब्द कळेल, तो स्पीकर आपला.