भुलीपूर्वीचा एक प्रश्न

शस्त्रक्रियेपूर्वी भूलतज्ज्ञ विचारतात, "घरात कोणाला भुलीचा काही त्रास?" धाकट्या बहिणीच्या अपेंडिक्सच्या वेळी मी बेधडक ‘नाही’ असे लिहून मोकळी झाले. जवळ मामा उभे होते. ते हलक्या आवाजात म्हणाले, "अगं, दादाला विसरलीस? हर्नियासाठी टेबलावर गेला, तो उठलाच नाही." थोरल्या मामांची ही हकीकत आमच्या घरी ‘नशीब’ या एका शब्दात मिटवून ठेवलेली होती. मी ‘नाही’ खोडले.

भूलतज्ज्ञ बाईंनी मामांना बसवून घेतले. अंग ताठले होते काय? फार तापले होते काय? मामांना दोन्ही आठवत होते. हुंगण्याची भूल व सक्सिनिलकोलिन हे औषध वर्ज्य करून शिरेतून भूल देण्याचे ठरले. यंत्रात राहिलेला पूर्वीचा वायू झटकावयाचा म्हणून शस्त्रक्रिया थोडी लांबली. बहीण सुखरूप आहे.

या विकाराला मराठी नाव शोधताना मी ‘घातक अतिताप’ यावर थांबले. परंतु नाव थोडे फसवे आहे, कारण ताप पुष्कळदा मागाहून येतो. आधी जबडा आवळतो, नाडी धावू लागते, उच्छ्वासातील कार्बन डायॉक्साइड चढत जातो. काहींच्या स्नायूंत जन्मतःच दोष असतो. ठरावीक औषधांनी तेथील कॅल्शियम आवरेनासे होते व स्नायू जणू भट्टीसारखे पेटतात. दोष आईबापांपैकी एकाकडून येतो व प्रत्येक अपत्यास निम्मा धोका असतो. पूर्वीची भूल निर्विघ्न गेली, एवढ्यावरून निश्चिंत होता येत नाही.

१९६० साली मेलबर्नच्या डेनबरो व लव्हेल या डॉक्टरांनी ‘लॅन्सेट’मध्ये एका तरुणाची हकीकत दिली. त्याचा पाय मोडला होता, पण त्याला भय होते भुलीचे. ईथरच्या भुलीने त्याचे दहा नातलग दगावले होते. डॉक्टरांनी हॅलोथेन हे नवे औषध बेताने दिले. तरीही रक्तदाब उतरला, अंग तापले. त्यांनी तत्काळ भूल थांबवून त्यास बर्फाने गार केले आणि तो वाचला. आज डँट्रोलीन हा खरा उतारा आहे. पहिली मात्रा किलोमागे सुमारे अडीच मिलिग्रॅम. वीस मिलिग्रॅमच्या जुन्या कुप्या घेतल्यास सत्तर किलोच्या माणसास नऊ लागतात, व प्रत्येक कुपी साठ मिलिलिटर पाण्यात विरघळवावी लागते. कुप्या हाताशी आहेत ना, हे आधीच विचारण्यात संकोच कसला?

क्वचित हा झटका शस्त्रक्रिया संपल्यावर, बहुधा पहिल्या तासाभरात, येतो. रुग्णाचे हातपाय लाकडासारखे ताठ झाले, छाती धडधडू लागली, लघवी काळ्या चहासारखी झाली, तर परिचारिकेला त्याच क्षणी हाक मारा. शमलेला झटका उलटतो, म्हणून निदान चोवीस तास अतिदक्षता विभागात ठेवतात. दुसऱ्या दिवशीच्या तापाचे कारण बहुधा निराळे असते. तोही डॉक्टरांना सांगावाच.

थोरल्या मामांना नेमके काय झाले, याचा कागद आता कोठेच नाही. त्यांची दोन मुले इंदूर व बडोद्यास असतात. दोघांना मी पत्रे लिहिली आहेत. इंदूरचे उत्तर आले; बडोद्याचे अद्याप यावयाचे आहे.