झाकली मूठ

एक विद्यार्थिनी, द्वितीय वर्ष कला

लेख लिहून झाला आणि खाली नाव घालायची वेळ आली, तेव्हा मी अडले. वार्षिकांकात आपले नाव छापून यावे, तो अंक घरी नेऊन दाखवावा, ही हौस कोणाला नसते? गेल्या वर्षी माझी एक छोटीशी कविता छापून आली होती. आईला वाचता येत नाही. तरी तिने ते पान उघडायला लावले आणि माझ्या नावावरून हळूच बोट फिरवले. पण या खेपेला मी संपादक सरांना म्हटले, "सर, एवढ्या वेळेला नाव राहू द्या." सर म्हणाले, "का गं, एवढे काय लिहिले आहेस?" मी कागद त्यांच्यापुढे ठेवला. वाचून झाल्यावर त्यांनी काही विचारले नाही. नावाची ओळ तेवढी स्वतःच्या हाताने खोडली.

गोष्ट ऑगस्टमधली. बाहेर पावसाची झड लागली होती आणि वसतिगृहाच्या खोलीत आम्ही तिघी माझ्या मोबाईलवर एका सरकारी कार्यालयाचे संकेतस्थळ उघडून बसलो होतो. शिष्यवृत्तीचे परिपत्रक निघाले की नाही, ते पाहायचे होते. परिपत्रक काही सापडेना. शोधता शोधता 'लाभार्थी याद्या' असे शब्द दिसले. त्यावर बोट ठेवले मात्र, निरनिराळ्या योजना आणि तालुक्यातली गावे ओळीने समोर उभी! मग काय, अभ्यास बाजूला राहिला आणि खेळच सुरू झाला. "माझ्या गावाचं बघ गं." "आता तुझ्या गावाचं!" एकीच्या गावच्या यादीत विहीर मंजूर झालेल्यांत एक ओळखीचे नाव निघाले. "अगं, हे तर आमचे मोठे बागाईतदार! यांच्या दोन विहिरी आधीच आहेत की!" आम्ही पोट धरून हसलो.

मग माझ्या गावाची पाळी आली. उघडली ती यादी संजय गांधी निराधार अनुदान योजनेची. अनुक्रमांक, नाव, वय, बँकेचा खाते क्रमांक, आणि शेवटचा रकाना 'लाभार्थीचा प्रकार'. त्या रकान्यात कोणापुढे विधवा, कोणापुढे दिव्यांग, एकापुढे तर चक्क आजाराचे नाव. सतराव्या ओळीत माझी आई होती. तिच्यापुढे शब्द होता : परित्यक्ता.

माझे वडील भिवंडीला यंत्रमागावर कामाला आहेत, असे मी या दोघींना पहिल्या दिवसापासून सांगत आले होते. ते खोटे नव्हते. वडील भिवंडीला गेले हे खरेच. परत आले नाहीत, एवढेच मी सांगितले नव्हते. त्याला आता नऊ वर्षे झाली. आई अजून रोज सकाळी कुंकू लावते, आणि कोणी विचारलेच तर "तिकडं कामाला हायेत" एवढे सांगून विषय बदलते. मीही तिचेच वाक्य उचलले होते.

मला पडदा पुढे सरकवायचेही सुचेना. तेवढ्यात एकीने फोन माझ्या हातातून घेतला. "अगं, चार्जिंग संपत आलंय तुझं," असे म्हणून तिने तो गादीवर पालथा ठेवला. चार्जिंग साठ टक्के होते. मग तिने मेसच्या आमटीचा विषय काढला, आणि त्या बिचाऱ्या आमटीवर आम्ही तिघी नको इतके हसलो.

रात्री झोप येईना. तक्रार करावी तर कोणाकडे, हे पाहावे म्हणून पुन्हा तेच पान उघडले आणि अगदी तळाशी गेले. तेथे बारीक अक्षरांत 'गोपनीयता धोरण' असे लिहिले होते. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, महाडीबीटीवरचा शिष्यवृत्तीचा अर्ज, अशा कामांसाठी आजवर कितीदा तरी सरकारी संकेतस्थळे उघडली. पण त्या शब्दांवर कधी बोट ठेवले नव्हते. वाचकहो, खरे सांगा, तुम्ही तरी ठेवले आहे का?

मजकूर मोठा सभ्य होता. हे संकेतस्थळ आपणहून तुमचे नाव, दूरध्वनी क्रमांक किंवा ई-मेल टिपून घेत नाही. नोंद होते ती तुमच्या जोडणीच्या आयपी पत्त्याची, ब्राउझर कोणता याची, भेटीच्या तारखेची व वेळेची आणि पाहिलेल्या पानांची. तीही केवळ आकडेवारीसाठी. संकेतस्थळाला इजा करण्याचा प्रयत्न आढळला नाही, तर ही नोंद कोणा एका माणसाशी जोडून पाहिली जात नाही. तुम्ही होऊन माहिती दिलीत, तरी ती तिऱ्हाइताला विकली जाणार नाही. पुढे कुतूहलाने आणखी पाच-सहा सरकारी संकेतस्थळे पाहिली. थोड्याफार फरकाने सगळीकडे हेच. सरकारी संकेतस्थळे कशी असावीत याची मार्गदर्शक तत्त्वे २००९ साली निघाली, तेव्हापासून त्यांचा एक साचाच पडून गेला आहे.

मी तो मजकूर दोनदा वाचला. दुसऱ्यांदा वाचताना ध्यानात आले, की हे सगळे अभय पाहायला येणाऱ्याला आहे. पान उघडणारी मी. माझे नाव कोणी विचारणार नव्हते. आणि जिने जन्मात एकही संकेतस्थळ उघडले नाही, त्या माझ्या आईचे नाव, वय, खाते आणि दुःख त्याच पानावर रकान्यांत मांडून ठेवले होते! तळाशी आजवर आलेल्या अभ्यागतांचा आकडा होता. तो लाखांत होता. त्यांतले किती जण सतराव्या ओळीपर्यंत पोहोचले, ते कोण होते, हे मला कधीच कळणार नव्हते.

गेल्या वर्षी राज्यशास्त्राच्या तासाला सरांनी खरक सिंग यांची हकीकत सांगितली होती. उत्तर प्रदेशातला हा माणूस दरोड्याच्या प्रकरणातून पुराव्याअभावी सुटला; पण पोलिसांनी त्याच्यावर पाळत ठेवली. रात्री-अपरात्री दारावर थाप मारायची आणि तो घरी आहे ना, ते पाहायचे. १९६२ साली सर्वोच्च न्यायालयाने ती रात्रीची थाप बेकायदा ठरवली; मात्र खाजगीपणा हा राज्यघटनेने दिलेला हक्क नाही, असेही त्याच निकालात म्हटले. पुढे निवृत्त न्यायमूर्ती पुट्टस्वामी यांच्या याचिकेवर २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींनी एकमताने सांगितले, की खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे. तो जगण्याच्या हक्कातच आला. त्याच निकालात न्या. धनंजय चंद्रचूड यांनी आणीबाणीतला १९७६ चा निकाल चुकीचा ठरवला. तो निकाल देणाऱ्या बहुमतात त्यांचे वडील न्या. यशवंत चंद्रचूड होते! हे ऐकताना सारा वर्ग चिडीचूप झाला होता. मला तेव्हा वाटले होते, निकाल थोर खरा, पण आमच्या पत्र्याच्या घरावर थाप मारायला कोण येणार आहे? आता कळले, की थाप न मारताही घरात येता येते.

आठवड्याने धीर करून अर्ज लिहिला आणि त्या कार्यालयात गेले. खिडकीशी बसलेले भाऊसाहेब रागावतील अशी भीती होती. पण गृहस्थ सज्जन निघाले. अर्ज वाचून म्हणाले, "हे बघ ताई, याद्या आम्ही हौसेनं टाकत नाही. नाही टाकल्या तर लोक म्हणतात, लपवता काय? लाभार्थींचा तपशील आपणहून जाहीर करायचा, असं माहितीच्या अधिकारातच आहे."

ते म्हणाले ते खरे होते. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याच्या चौथ्या कलमात तसे म्हटलेच आहे. आणि ते का म्हटले आहे, हेही मला ठाऊक होते. राजस्थानात १९९४ पासून मजदूर किसान शक्ती संघटनेने गावोगाव जनसुनवाया भरवल्या. सरकारी कामांचे हजेरीपट लोकांसमोर मोठ्याने वाचले, तेव्हा कामावर न गेलेल्यांची नावे त्यांत निघाली. पैसे मात्र उचललेले! दोन विहिरींवर तिसरी मागणारे बागाईतदार आम्हांला दिसले, तेही यादी उघडी होती म्हणूनच. यादी झाकून टाका, असे मी कोणत्या तोंडाने म्हणणार?

मी म्हटले, "भाऊसाहेब, नाव राहू द्या. पैसे किती मिळतात तेही राहू द्या. सरकारचा पैसा कोणाला जातो, ते लोकांना कळायलाच हवं. पण खात्याचा नंबर कशाला? आणि तो शेवटचा रकाना कशाला?"

भाऊसाहेब यादी उघडून बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, "तो रकाना तक्त्यातच आहे गं. आम्ही भरतो आणि तसाच वर चढवतो."

म्हणजे कोणी मुद्दाम केले नव्हते. पैसे कोणत्या खात्यात टाकायचे, कोणत्या कारणाने टाकायचे, हे कार्यालयाला लागतेच. पण कार्यालयाने टेबलावर ठेवायचा तक्ता आणि जगाला दाखवायचा तक्ता, हे दोन तक्ते वेगळे असतात, असे कोणाच्या मनातच आले नव्हते. आईने तो अर्ज अंगठा उमटवून दिला, तेव्हा तो अनुदानासाठी दिला होता. वाचनासाठी दिला नव्हता.

हे आमच्याच तालुक्यात घडले असेही नाही. आधार क्रमांक कोठेही जाहीर करू नये, असे २०१६ च्या कायद्याने सांगून ठेवले होते. तरी एप्रिल २०१७ मध्ये झारखंडच्या एका सरकारी संकेतस्थळावर दहा लाखांहून अधिक निवृत्तिवेतनधारकांचे आधार क्रमांक उघडे पडले. त्याच वर्षी केंद्र सरकारने संसदेत सांगितले, की सुमारे २१० सरकारी संकेतस्थळांवर लाभार्थींची नावे, पत्ते व आधार क्रमांक दिसत होते. ते काढायला लावले. निवृत्तिवेतन, अनुदान, शिष्यवृत्ती! यादी ही ज्याला सरकारपुढे हात पसरावा लागतो, त्याचीच निघते.

आता २०२३ सालचा वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले. मुख्य बंधने त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू व्हावीत, असे त्यांत ठेवले आहे. माहिती नीट सांभाळली नाही, तर २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. पण याच कायद्याने माहिती अधिकाराच्या आठव्या कलमातही बदल केला, आणि 'खाजगी' या नावाखाली उद्या लबाडीही झाकली जाईल, असा आक्षेप अनेक पत्रकारांनी व कार्यकर्त्यांनी घेतला. मला तो आक्षेप पटतो. म्हणूनच वाटते, की भांडण अख्ख्या यादीशी नको, रकान्याशी हवे. बागाईतदाराची तिसरी विहीर दिसली पाहिजे. माझ्या आईचे कपाळ दिसण्याची गरज नाही.

दिवाळीच्या सुट्टीत घरी गेले, तेव्हा आईला सगळे सांगितले. मला वाटले होते, ती रडेल. ती चुलीपुढे भाकरी थापत होती, ती थापतच राहिली.

"गावाला काय ठावं न्हाई व्हय? ग्रामसभेत नाव वाचलं, तवा समदी व्हतीच की."

"मग गं?"

"मग काय? वाचलं आन् इसरली. नऊ वर्सांत एका बाईनं तोंडावर इचारलं न्हाई. हळदीकुंकवाला बोलवत्यात, कुंकू लावत्यात. त्यास्नी ठावं हाय. त्यास्नी ठावं हाय, हे मलाबी ठावं हाय. पर झाकलं हाय."

मग भाकरी तव्यावर टाकून तिने विचारले, "त्या पानावर ज्यानं आपलं नाव बगितलं, त्याचं नाव आपल्याला कळतंय का?"

"नाही आई. बघणाऱ्याचं नाव ते लिहून घेत नाहीत. तसा नियमच आहे."

"म्हंजी बगणाऱ्याची लाज राखायची. बरं हाय."

एवढे बोलून तिने भाकरी उलटली. सारे गोपनीयता धोरण मी दोनदा वाचून जे समजले होते, ते तिला एका वाक्यात समजले. झाकली मूठ सव्वा लाखाची, असे आपण म्हणतो. आईची मूठ नऊ वर्षे साऱ्या गावाने मिळून झाकून धरली होती. बाया समोर आल्या की नजर थोडी बाजूला करायच्या, बस्स. माझ्या मैत्रिणीने फोन पालथा ठेवला, तो त्याच बायांचा वारसा. संकेतस्थळाला नजर बाजूला करता येत नाही. ते काम तक्ता तयार करणाऱ्यानेच आधी करून ठेवावे लागते.

अर्जाला लेखी उत्तर आले नाही. पण नोव्हेंबरच्या अखेरीस यादी पुन्हा उघडली, तेव्हा खाते क्रमांकाच्या जागी फुल्या होत्या आणि शेवटचे चार आकडे. भाऊसाहेबांनी केले की आणखी कोणी, देव जाणे; ज्याने केले त्याचे भले होवो. शेवटचा रकाना मात्र अजून तसाच आहे. म्हणून दुसरा अर्ज लिहिला आहे. या वेळी त्यावर तीन सह्या आहेत. त्या संध्याकाळविषयी आम्ही तिघी अजूनही बोललेलो नाही. सही करताना एकीने फक्त विचारले, "पेन आहे का गं?"

हा लेख लिहू का, असे आईला विचारले, तेव्हा ती म्हणाली, "लिव्ह. दुसऱ्या कुणा बाईला उपेगी पडंल. पर नाव नगं घालूस."

अंक घरी नेईन, तेव्हा ती पान उघडायला लावील आणि नाव शोधील. 'एक विद्यार्थिनी' एवढीच अक्षरे तेथे असतील. तिचे बोट धरून मी त्यांवरूनच फिरवीन.