आखाती फ्लॅटमधली तुळस

तुळस हे उन्हाचे झाड आहे. महाराष्ट्रात ती वृंदावनात, अंगणात, निदान खिडकीच्या जाळीत तरी असते आणि दिवसाचे चार-सहा तास ऊन तिला न मागता मिळते. संयुक्त अरब अमिरातीत ऊन त्याहून जास्त, तरी तिथल्या फ्लॅटमधल्या तुळशी मरतात, आणि त्या उन्हाने क्वचितच मरतात. शारजाच्या अल नहदा भागात प्रस्तुत लेखिकेच्या घरी पहिल्या तीन वर्षांत पाच तुळशी गेल्या. पाचही कुंड्यांची माती शेवटच्या दिवशी ओली होती.

मे ते सप्टेंबर या काळात बाल्कनी कुंडीच्या कामाची नसते. पारा पंचेचाळिशीला टेकतो, पश्चिमेकडच्या बाल्कनीत काळ्या प्लास्टिकच्या कुंडीचा काठ हाताला चटका देतो, आणि आतली मुळे अक्षरशः शिजतात. म्हणून झाड घरात येते. घरात आल्यावर मात्र त्याला वाळवंटातले झाड समजून पाणी घातले जाते आणि दिवाणखान्यातली वस्तू समजून कोपऱ्यात ठेवले जाते. दोन्ही समजुती चुकीच्या.

आधी प्रकाश. माणसाच्या डोळ्यावर याबाबतीत विश्वास ठेवता येत नाही, कारण बाहुली लहानमोठी होऊन अंधार-उजेडातला फरक झाकून टाकते. भर दुपारच्या मोकळ्या उन्हात साधारण एक लाख लक्स प्रकाश असतो. लेखिकेच्या घरात मोबाइलवरच्या मापकाने (हे माप ढोबळच, पण तुलनेला पुरते) खिडकीच्या कठड्यावर 3000 लक्स भरले, तिथून एक मीटर आत 700, टीव्हीशेजारी 120, आणि स्वयंपाकघरातल्या देवघरापाशी 60. पहिली तुळस अर्थातच देवघरापाशी ठेवलेली होती. आखातातल्या इमारतींच्या काचा उष्णता अडवण्यासाठी गडद किंवा आरशासारख्या असतात. उष्णतेबरोबर उजेडाचाही मोठा हिस्सा त्या बाहेरच ठेवतात.

प्रकाश कमी पडल्याची खूण मरगळ ही नव्हे. उलट सुरुवातीला झाड जोमाने वाढल्यासारखे दिसते. दोन पेरांमधले अंतर लांबते, खोड बारीक होते, नवी पाने आकाराने लहान आणि फिकट येतात, शेंडा काचेकडे झुकतो. घरी आलेली मंडळी ‘काय उंच झालीय!’ म्हणून कौतुक करतात. ती उंची उपासमारीची असते.

खिडकीची दिशा निवडताना भूगोल कामाला येतो. दुबई-शारजा 25 उत्तर अक्षांशाच्या थोडे वर, म्हणजे कर्कवृत्ताच्या जेमतेम उत्तरेला आहेत. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात मध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून 88 अंशांवर, जवळपास डोक्यावर असतो, त्यामुळे दक्षिणेच्या खिडकीतून थेट ऊन आत येतच नाही. डिसेंबरात तोच सूर्य 41 अंशांवर उतरतो आणि दोन मीटर उंचीच्या खिडकीतून दुपारी सव्वादोन मीटर आतपर्यंत ऊन पसरते. म्हणजे बाहेर सगळ्यात कडक ऊन असते तेव्हा दक्षिणेची खोली झाडाच्या दृष्टीने सगळ्यात अंधारी असते. उन्हाळ्यात सूर्य ईशान्येच्या अंगाने उगवून वायव्येच्या अंगाने मावळतो, म्हणून तेवढ्यापुरती पूर्वेची किंवा चक्क उत्तरेची खिडकी बरी. पूर्वेचे सकाळचे ऊन सर्वांत उत्तम. ते कोवळे असते आणि काच तापायच्या आत सरते.

खिडकी पुरत नसेल तर दिवा लावावा लागतो. त्यासाठी जांभळाच दिवा हवा असे नाही. लाल आणि निळा प्रकाश पानातले हरितद्रव्य जास्त शोषते हे खरे, पण साध्या पांढऱ्या एलईडीत दोन्ही असतात, शिवाय पांढऱ्या उजेडात पान पिवळे पडलेले दिसते. जांभळ्यात दिसत नाही. दिव्याच्या वॅटपेक्षा त्याचे अंतर महत्त्वाचे. वीस वॅटचा, मागे परावर्तक असलेला दिवा 60 सेंटीमीटरवर 3000 लक्स देत होता. 30 सेंटीमीटरवर आणल्यावर तोच 12,000 देऊ लागला. अंतर निम्मे, प्रकाश चौपट. रोज 14 तास लावला तरी महिन्याला साडेआठ युनिटही होत नाहीत. चालू-बंद करायला भिंतीच्या सॉकेटात बसणारा टायमर असावा, कारण माणूस विसरतो.

अशा दिव्यांबरोबर येणाऱ्या माहितीपत्रकात 18 तास उजेड, मग 12 तास उजेड अशी वेळापत्रके असतात. ती मुळात गांजाच्या झाडासाठी बेतलेली आहेत. रात्र लांबली की ते झाड फुलावर येते. अमिरातीत त्याची लागवड हा गंभीर गुन्हा आहे आणि 2021 च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानेही ती बंदी कायम ठेवली आहे. तुळशीला ते कोष्टक लावण्याचे कारण नाही. 14 तासांच्या उजेडात तिला मंजिऱ्या येतात, आणि पाने हवी असतील तर त्या खुडाव्या लागतात. दिव्यावर झाड वाढवण्याचे मोठे उदाहरण अमिरातीतच आहे: दुबईत अल मक्तूम विमानतळाजवळ 2022 साली सुरू झालेले ‘बुस्तानिका’. तिथे बंद इमारतीत एलईडीखाली वर्षाला दहा लाख किलो पालेभाजी काढण्याची सोय आहे आणि शेतीपेक्षा 95 टक्के कमी पाणी लागते, असे त्या कंपनीचे म्हणणे आहे.

पाण्याचा प्रश्न प्रकाशातूनच निघतो. पान जितका उजेड खाते तितके पाणी ओढते. उजेड कमी म्हणजे ओढ कमी, माती ओली राहणार. ओल्या मातीतल्या पोकळ्यांत हवा उरत नाही, मुळांना प्राणवायू मिळत नाही आणि ती कुजतात. कुजलेले मूळ पाणी उचलू शकत नाही, म्हणून पाने माना टाकतात. इथेच फसगत होते, कारण तहानलेली तुळस अशीच दिसते. मालकीण तांब्या घेऊन येते. पाचपैकी चार तुळशी याच तांब्याने गेल्या. त्यात सकाळी पूजेनंतर तुळशीला पाणी घालायचा नेम. अंगणातल्या झाडाला तो सोसतो, 60 लक्समधल्या झाडाला नाही. नेम मोडवत नसेल तर पळीभर पाण्यावर भागवावे.

पाणी कधी घालावे हे वार ठरवून कळत नाही. बोट दोन पेरे मातीत खुपसावे. कोरडे लागले तर घालावे. त्याहून खात्रीचा उपाय वजनाचा. आठ इंची कुंडी स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवली तर भरपूर पाणी देऊन निथळल्यावर ती 3 किलो 400 ग्रॅम भरत होती आणि पाण्याला आली की अडीच किलो. खिडकीपासून मीटरभर आत हा फरक पडायला दहा दिवस लागत; दिव्याखाली चार. एकच झाड, एकच कुंडी. महिनाभरानंतर काट्याची गरज उरत नाही, हाताला वजन कळते. घालायचे तेव्हा तळाच्या भोकातून वाहीपर्यंत घालावे आणि बशीत साठलेले अर्ध्या तासात ओतून द्यावे. बशीत पाणी राहिले की मातीवर चिलटे होतात.

नळाच्या पाण्याचीही एक गोष्ट आहे. अमिरातीत नळाला येणारे पाणी मुख्यतः समुद्राचे, खारेपणा काढलेले असते. झाडाला ते चालते. बादलीत रात्रभर ठेवले तर क्लोरीनही बरेचसे उडते. अडचण तापमानाची. जुलै-ऑगस्टमध्ये गच्चीवरच्या टाक्या तापतात आणि थंड पाण्याच्या नळातून आंघोळीला चटके बसतील असे पाणी येते. ते सरळ कुंडीत ओतले तर मुळांचे नुकसान होते. तिथली जुनी युक्ती अशी की उन्हाळाभर गीझर बंद ठेवायचा: टाकीतले पाणी घराच्या तापमानाला येते आणि गरम पाण्याचा नळ हाच थंड पाण्याचा होतो. कुंडीच्या काठावर पांढरी पापडी दिसू लागली तर ते साचलेले क्षार, बहुधा खताचे. कुंडीच्या तीनचार पट पाणी एकदा सावकाश सोडून ते धुऊन काढावेत आणि खत निम्मे करावे.

एसीचा थंड झोत तुळशीवर येता कामा नये. पानांच्या कडा करपतात, आणि कोरड्या हवेत लाल कोळी फोफावतो. पानाच्या खालच्या बाजूला बारीक जाळे आणि वर पिवळे ठिपके ही त्याची ओळख. आठवड्यातून एकदा पाने उलटी धरून नळाखाली धुतली तर तो आटोक्यात राहतो. पाचवी तुळस त्यानेच नेली, तिचा तांब्याशी संबंध नव्हता.

सगळ्यात अवघड काळ शाळांच्या सुटीचा. जुलै-ऑगस्टमध्ये कुटुंबे गावी येतात, घरे बंद होतात, एसीही. बंद फ्लॅट भट्टीसारखा तापतो, तेव्हा पाण्याची कितीही व्यवस्था केली तरी झाड तगत नाही. एसी 28 वर चालू ठेवणार असाल तरच सुती दोरीचे एक टोक पाण्याच्या बादलीत आणि दुसरे मातीत पुरण्याचा उपाय उपयोगी. तोही घरात असतानाच आठवडाभर करून पाहावा. दोरी फार जाड असली तर माती चिखल होते. त्यापेक्षा शेजारणीकडे कुंडी देणे बरे. मात्र ‘रोज पाणी घाल’ असे सांगून जाऊ नये. ‘बोट घालून बघ’ असे सांगावे.

ऑक्टोबरात हवा पालटली की झाड बाल्कनीत न्यावे, पण एकदम नाही. 12,000 लक्सवरून थेट उन्हात नेलेली पाने दोन दिवसांत पांढरी पडून जळतात. पहिला आठवडा सावली, दुसरा आठवडा सकाळचा तासभर, मग मोकळे ऊन. बाहेर पाण्याची गरज रोजची होते, तिथे सकाळचा तांब्या बिनधास्त चालतो. रोप नव्याने आणायचे तर तेही याच दिवसांत, दुबईच्या वरसान भागातल्या रोपबाजारातून. भारतातून मातीसकट रोप बॅगेत घालून नेऊ नये, त्याला आयात परवाना आणि वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागते.

सहावी तुळस दिव्याखाली उन्हाळा काढून कार्तिकात बाल्कनीत आली. बर दुबईहून आणलेल्या उसाच्या दोन कांड्यांखाली तिचे लग्न लागले, तेव्हा ती गुडघ्याएवढी होती आणि तिला अकरा मंजिऱ्या होत्या. त्यातल्या दोन वाळवून ठेवलेल्या आहेत. त्यांचे बी फेब्रुवारीत, वरून जेमतेम माती भुरभुरून पेरले की आठ-दहा दिवसांत उगवते.