शेन वॉर्न गेला, त्यातून आपण काय घ्यायचं?

४ मार्च २०२२ रोजी शेन वॉर्न थायलंडमध्ये सुट्टीवर असताना अचानक गेला. वय ५२. त्यानंतर सातपूरच्या माझ्या दवाखान्यात दोनच मतं ऐकू येत होती: ‘असा लेगस्पिनर पुन्हा होणे नाही’ आणि ‘सिगारेटी, पार्ट्या, दुसरं काय होणार!’

दोन्ही मतं अर्धवट आहेत. पदार्पणात, सिडनीला, रवी शास्त्रीने द्विशतक ठोकून त्याला धुतलं. तोच पुढे ७०८ कसोटी बळींवर थांबला. २००८ मध्ये नवी मुंबईत त्याने राजस्थानला पहिली आयपीएल जिंकून दिली. आणि २००३ मध्ये लघवी वाढवणाऱ्या, बंदी असलेल्या गोळीमुळे तो वर्षभर बाहेर बसला. बारीक दिसण्यासाठी घेतली, असं त्याचं म्हणणं. (या गोळीने पाणी जातं, चरबी नाही.) चूक लपवू नये, बळीही पुसू नयेत.

मला काळजी वाटते ती ‘व्यसनी होता, म्हणून गेला’ या वाक्याची. सिगारेटने हृदयविकाराचा धोका वाढतो, हे खरंच. पण दुसऱ्याचा निवाडा केला की आपण सुटलो, असं वाटू लागतं. रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल, आनुवंशिकता निर्व्यसनी माणसालाही सोडत नाहीत.

सहलीआधी वॉर्नच्या छातीत दुखत होतं, असं थायलंडच्या पोलिसांनी कुटुंबीयांच्या हवाल्याने सांगितलं. आपण त्याला ‘गॅस’ म्हणतो आणि शिफ्टला जातो. छातीत दडपण, दरदरून घाम, हातात किंवा जबड्यात कळ आली तर थांबू नका. १०८ला फोन करा, ईसीजी काढून घ्या.