फट्... सर्रर्र...

बाबा घरात कुठे आहेत हे मला आवाजावरून कळतं. फट्... सर्रर्र... उजवी स्लिपर पडते, डावी घासत येते. रात्री उशिरापर्यंत लॅपटॉपवर काम करताना तो आवाज बाथरूमपर्यंत जाऊन परत येईपर्यंत माझी बोटं कीबोर्डवर थांबलेली असतात. मध्येच आवाज बंद झाला, तर पडले की काय, ही धास्ती.

स्ट्रोकनंतर बाबांचं बोलणं सुधारलं, हातही बराच सुधारला. डावा चवडा मात्र उचलेना. याला 'फूट ड्रॉप' म्हणतात. पाऊल टाकताना बोटं जमिनीला घासतात, चप्पल निघून मागे राहते. खरं तर बाबांच्या पायातली नर्व्ह आणि स्नायू शाबूत आहेत. मेंदूतून निघालेला निरोप तिथपर्यंत नीट पोचत नाही, एवढंच.

म्हणून फिजिओथेरपिस्ट मॅडमनी एक यंत्र आणलं. गुडघ्याच्या खाली, बाहेरच्या बाजूला हाडाचा एक उंचवटा लागतो. त्याला वळसा घालून पेरोनिअल नर्व्ह कातडीच्या अगदी जवळून जाते. तिथे एक पॅड, जरा खाली नडगीच्या बाजूला दुसरा आणि टाचेखाली स्विच. टाच उचलली की करंट चालू, टेकली की बंद. अमेरिकेत व्लादिमिर लिबरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६१ साली हीच युक्ती मांडली होती. मला तर हे रोजच्या कामातलंच वाटलं: इव्हेंट आला, फंक्शन चाललं.

पहिल्यांदा चवडा वर आला तेव्हा मी जवळजवळ ओरडलोच. बाबा पायाकडे बघत म्हणाले, "मी नाही उचलला."

मी ते ऐकून सोडून दिलं. त्या संध्याकाळी मीच सराव घेतला. थोड्या वेळाने चवडा कमी उचलायला लागला, तसा मी करंट वाढवला. अजून थोडा. मग अजून थोडा.

"थांब रे," बाबा म्हणाले. "पाय माझा आहे."

दुसऱ्या दिवशी मॅडमनी समजावलं. आपण स्वतः पाय हलवतो तेव्हा शरीर न दमणाऱ्या बारीक तंतूंपासून सुरुवात करतं आणि काम आलटूनपालटून वाटून देतं. बाहेरचा करंट वाटणी करत नाही. लवकर दमणाऱ्या तंतूंनाही तो सुरुवातीपासून आणि पुन्हा पुन्हा जुंपतो. मी दमलेल्या स्नायूला चाबूक मारत होतो. मग त्या बाबांना म्हणाल्या, "काका, करंट आला की तुम्हीही उचला. नुसतं बघत बसू नका." हालचाल आणि इच्छा एकाच वेळी घडली, तर मेंदूतल्या उरलेल्या वाटा बळकट व्हायला मदत होते, अशी त्यामागची आशा.

आता करंटचं बटण बाबांच्या हातात असतं. मी शेजारून चालतो. दर पावलाला ते पुटपुटतात, "उचल." कधी चिडून, कधी लाडीगोडी लावून, लहानपणी मला अभ्यासाला बसवायचे तसं. त्यांना हवंय काय, हेही मी परवा पहिल्यांदा विचारलं. म्हणाले, "बूट न घालता, चपलेवर कोपऱ्यापर्यंत जाऊन पेपर आणायचाय."

रात्री यंत्र काढून ठेवलेलं असतं. काल दोनच्या सुमाराला पॅसेजमधून आवाज आला. फट्, फट्, फट्, फट्... सर्रर्र.

हल्ली मी मोजतो.